चार्जरचा हिरवा दिवा

१

“पट्टा तुटला नाही, ताई,” सर्व्हेअरबाई म्हणाल्या. “तो तिथे नव्हताच.”

ती स्वयंपाकघराच्या दारात हात पुसत उभी होती. हात केव्हाच कोरडे झाले होते, तरी पुसतच राहिली.

विमा कंपनीच्या या सर्व्हेअरबाई पन्नाशीच्या होत्या. जाड भिंगांचा चष्मा, आवाज जुन्या भोंग्यासारखा. आल्या आल्याच त्यांनी सांगून टाकलं होतं, “डॉक्टर माणसांचं पोस्टमॉर्टेम करतात, मी गाड्यांचं. मला चहा नको. पाणी द्या, आणि जे माहीत असेल ते खरं सांगा.”

तिला जे माहीत होतं ते सगळ्या गावालाच माहीत होतं. तिचा नवरा बस कंपनीत ड्रायव्हर होता. पेट्रोल वाचवायचा त्याला इतका नाद की डेपोत सगळे त्याला ‘थेंबे’ म्हणत. उतार लागला की इंजिन बंद. सिग्नल लाल झाला की इंजिन बंद. पुढचा रस्ता लांबूनच वाचायचा, म्हणजे ब्रेक लावायची वेळच येत नाही. दोन महिन्यांपूर्वी उजाडायच्या आधी तो आपली छोटी गाडी घेऊन निघाला. बोगद्याच्या मध्यावर गाडी बंद पडली, दिवेही विझले. गाडी ढकलायला तो खाली उतरला आणि मागून टँकर आला.

बॅटरी भरणाऱ्या अल्टरनेटरचा पट्टा वाटेत तुटला असणार, असं सगळे म्हणाले. तिनेही ते मान्य केलं होतं. पट्टा तुटला यात कुणाचा दोष नसतो, म्हणून मान्य करायला सोपं होतं.

सर्व्हेअरबाईंनी मोबाईल पुढे केला. फोटोत एक लोखंडी चाक होतं, कडेची खाच तांबूस गंजलेली.

“ही अल्टरनेटरची पुली. गाडीचा पुढचा भाग धड आहे, त्यामुळे नीट बघता आली. हिच्यावरून पट्टा रोज फिरत असेल ना, तर ही खाच ताटासारखी चकचकीत असते. इथे गंज चढलाय. म्हणजे पट्टा त्या पहाटे नाही, कितीतरी दिवस आधी काढला होता. मुद्दाम.”

“कशाला?”

“अल्टरनेटर फिरवायला इंजिनाला जोर लागतो. पट्टा काढला की तेवढं पेट्रोल वाचतं. असले वेडे मी पाहिलेत. पट्टा नसला की डॅशबोर्डवर बॅटरीचा लाल दिवा सारखा जळतो. तुमच्या गाडीत त्याच्यावर काळी टेप चिकटवली आहे.”

टेप तिने पाहिली होती. विचारलं तेव्हा तो म्हणाला होता, दिवा बिघडलाय, डोळ्यांत जातो.

“आता मला सांगा,” बाई म्हणाल्या, “इंजिन बॅटरी भरत नव्हतं, तर गाडी रोज चालत कशी होती?”

“चार्जर लावायचे. रोज संध्याकाळी, गाडी घरी आली की. म्हणायचे, इंजिन बंद ठेवून उतार उतरतो, तेव्हा दिवे-बिवे सगळे बॅटरीवर चालतात. तिला सांभाळायला हवं. ‘गाडीला जेवायला घातलं’ म्हणायचे.”

“दाखवा तो चार्जर.”

घराशेजारीच पत्र्याची शेड होती. ती पुढे झाली, दिवा लावला आणि फळीकडे हात केला. फळीवर सगळीकडे धूळ होती. मधोमध एक चौकोन तेवढा स्वच्छ होता.

चार्जर तिथे नव्हता.

“गाडी गॅरेजमध्ये पडून आहे. चार्जर कुणाच्या कामाचा?” सर्व्हेअरबाई हळू आवाजात म्हणाल्या. “शेडची किल्ली कुणाकुणाकडे असते?”

किल्ली घरात खिळ्याला लटकत असे. आणि घरात तिच्याशिवाय दोनच माणसं होती.

२

दीर डेपोतून जेवायला आला तेव्हा सर्व्हेअरबाई अंगणातच होत्या. तो नवऱ्यापेक्षा लहान, त्याच कंपनीत ड्रायव्हर. आता प्रशिक्षक झाला होता. डिझेल कमी जाळून बस कशी चालवायची, हे बाकीच्या ड्रायव्हरांना शिकवायची जागा कंपनीने नवी काढली होती. त्यासाठी पलीकडच्या डेपोत परीक्षा ठेवली होती, ज्याच्या त्याच्या गाडीवर, मोजून घातलेल्या पेट्रोलवर. दोघे भाऊ परीक्षेला बसणार होते. थोरला पोचलाच नाही. ती परीक्षा पुढे ढकलली, मग धाकट्याने दिली.

“पट्टा काढलेला मला माहीत होता,” तो लगेच म्हणाला. “मीच पाना धरला होता. दादा म्हणाला, कुणाला सांगू नको, परीक्षेत हे चालणार नाही.”

“साध्या बॅटरीचे असे हाल करतात का?” बाई म्हणाल्या. “ती गाडी सुरू करण्यापुरता दणका द्यायला बनवलेली असते. रोज तळापर्यंत रिकामी केलीत तर किती दिवस टिकेल?”

“मी सांगितलं होतं त्याला. दादा ऐकतोय होय कुणाचं? तेव्हा तुम्ही इथे आला असतात तर तुम्हालाच पेट्रोल वाचवायचे चार धडे दिले असते त्याने.”

बाई हसल्या नाहीत. “आदल्या रात्री चार्जर लावला होता?”

दिराने घराच्या आतल्या खोलीकडे पाहिलं. तिथे सासरे पडून असत.

“मॅडम, जे झालं ते झालं. आता खणून काय मिळणार?”

“मला मिळतं. पगार.”

“मग लिहा, पट्टा नव्हता म्हणून अपघात झाला. दादाची चूक. पुढचं नका विचारू. घरात म्हातारं माणूस आहे.”

बाई गेल्या. जाताना त्यांनी फाटकापाशी तिला आपलं कार्ड दिलं आणि दिराकडे पाठ करून म्हणाल्या, “चार्जर कुठे गेला, तेवढं डोक्यात ठेवा. विचारत फिरू नका.”

दुपारचं ऊन अंगणात पसरलं होतं, शेजारची बाई कपडे वाळत घालत होती, आणि तिला स्वतःच्या घरात पाऊल टाकायची भीती वाटत होती.

दीर हात धुऊन ताटावर बसला होता. “वहिनी,” तो म्हणाला, “त्या बाईला परत घरात घेऊ नका. बाबांना कळलं तर ते जगायचे नाहीत.”

“काय कळलं तर?”

तो भात कालवत राहिला, कितीतरी वेळ, घास न घेता.

३

सासऱ्यांच्या खोलीत सकाळची ताटली तशीच होती. दोन महिने हे असंच चाललं होतं. आधी जेवण अर्धं झालं, मग पाव. आता ते फक्त पाणी मागत आणि गोळ्या उशीखाली सरकवत. डॉक्टरांनी सांगितलं होतं, शरीराला काही झालेलं नाही, पण असंच चाललं तर होईल.

ती पायापाशी बसली. “बाबा, दोन घास खा ना.”

“ती बाई कोण होती?”

“विम्याची.”

“तिला कळलं?”

“काय कळायचं, बाबा?”

म्हातारबुवांनी भिंतीकडे तोंड फिरवलं. त्यांचा आवाज भिंतीवर आपटून तिच्याकडे आला.

“मी रोज झोपायच्या आधी घरभर फिरून बटणं बंद करायचो. तुम्ही हसायचात मला. शेडमधलंही करायचो. त्या रात्री थोरल्याच्या चार्जरचं बटण मी बंद केलं. गाडी उपाशी राहिली, पोरी. मी मारला त्याला.”

तिला आधी काही समजलंच नाही. मग समजलं.

“तुम्हाला आठवतंय, बंद केलेलं?”

“नाही आठवत. पण केलंच असणार. धाकट्याने पहाटे पाहिलं, बटण बंद होतं. त्यानेच चालू केलं परत. थोरला निघायच्या थोडं आधी. तो काही बोलला नाही मला कितीतरी दिवस. मग एकदा बोलला. म्हणाला, बाबा, कुणाला सांगू नका, मीही सांगणार नाही.”

ती त्यांच्या पायांवरून हात फिरवत राहिली. पाय म्हणजे नुसत्या काटक्या झाल्या होत्या. तिला आता घरातल्या कुणाची भीती वाटत नव्हती, आणि हे बरं वाटण्याचं तिला वाईट वाटलं. चूक होती, म्हाताऱ्या माणसाच्या सवयीची. खुनी-बिनी कुणी नव्हतं.

पण मग चार्जर कुठे गेला? म्हातारबुवा अंथरुणातून उठून संडासापर्यंत जाताना भिंत धरत. तो जड डबा त्यांनी नेला नव्हता.

४

ती बोगद्यापलीकडच्या इस्पितळात, शिवणखोलीत कामाला होती. फाटलेल्या चादरी, डॉक्टरांचे अंगरखे, लहान मुलांच्या झबल्यांच्या नाड्या. दुसऱ्या दिवशी सकाळी बसने कामावर गेली. बोगदा आला की ती डोळे मिटून घेई. त्या दिवशीही मिटले.

अंगरख्याची शिवण दाबायला तिने इस्त्री लावली. इस्त्रीवरचा लाल दिवा लागला. इस्त्री तापली आणि दिवा विझला. रोजचंच. पण त्या दिवशी तिचा हात इस्त्रीवर तसाच राहिला, इतका की शेजारची शिंपीण ओरडली, “अगं बाई, डॉक्टरांचा अंगरखा आहे, पापड नाही.”

लाल. चार्जरचा दिवा लाल असायचा.

गाडी संध्याकाळी दमून यायची, तो चार्जरचे चिमटे बॅटरीला लावायचा, आणि दिवा लाल व्हायचा तो पार झोपायच्या वेळेपर्यंत लाल. पोट भरलं की हिरवा. त्या शेवटच्या संध्याकाळी ती वाळलेले कपडे आणायला शेडमध्ये गेली होती. नवरा नुकताच चिमटे लावून आत येऊन जेवायला बसला होता. दिवसभर परीक्षेचा सराव करून आला होता, अंधार पडल्यावरही दिवे लावून. आणि चार्जरचा दिवा हिरवा होता. तेव्हा तिच्या मनात आलं होतं, आज बरं लवकर पोट भरलं.

पहाटेही हिरवाच होता. प्लग तर तिनेच ओढला होता.

दुपारी सुट्टी मागून, शिंपिणीला सांगून ती सर्व्हेअरबाईंच्या कचेरीत गेली. अरुंद जिना, वर एक खोली, टेबलावर गाड्यांचे मोडके भाग कागदांवर वजन म्हणून ठेवलेले. बाईंनी तिचं सगळं ऐकून घेतलं. मग कपाटातून एक जुना चार्जर काढून टेबलावर ठेवला, चिमटे हवेत लटकते सोडले आणि प्लग लावून बटण दाबलं.

दिवा हिरवा लागला.

“कशालाच जोडलेला नाही, तरी हिरवा,” बाई म्हणाल्या. “हा डबा बिनडोक आहे. बॅटरी भरली की वीज जात नाही, म्हणून हिरवा. बॅटरी लागलेलीच नसेल तरी वीज जात नाही, म्हणूनही हिरवा. त्याला दोन्ही सारखंच.”

“पण चिमटे लावलेले होते. मी पाहिले.”

“या लाल वायरीत एक फ्यूज असतो. बोटाच्या पेरापेक्षा लहान. तो काढला की चिमटे लावा नाहीतर गळ्यात घाला. दिवा हिरवा, बॅटरी उपाशी. तुमचे यजमान हिरवा बघणार आणि निर्धास्त झोपणार.”

“आणि बटण? बाबांनी बटण बंद केलं असेल तर?”

बाईंनी बटण बंद केलं. दिवा विझला.

“तर असा. काळा. आता तुम्हीच सांगा. दीर म्हणतो, पहाटे बटण बंद होतं आणि मी चालू केलं. रात्रभर उपाशी राहिलेल्या बॅटरीला चार्जर लावला तर दिवा कसला?”

“लाल.”

“तुम्ही प्लग काढला तेव्हा?”

“हिरवा.”

“मग तुमच्या सासऱ्यांनी बटण बंद केलं असो वा नसो, तुमचा दीर सांगतो ते घडलेलं नाही. खोटं आहे ते. आणि हे खोटं कुणाला लागेल? ज्याला बटणाची गोष्ट हवी आहे, कारण खरी गोष्ट दुसरी आहे, त्याला. चार्जरही त्यालाच नकोसा होणार. फ्यूज नाही हे कुणी उघडून पाहिलं असतं.”

“पण त्याने आपल्याच दादाला… सख्खा भाऊ आहे तो.”

“का केलं ते मला माहीत नाही. गाडी मला कसं ते सांगते, का ते सांगत नाही.” बाईंनी चष्मा काढून पुसला. “उद्या सकाळी मी पोलिसांना घेऊन घरी येते. तोवर एक करा. त्याच्याशी एकटीने बोलू नका. चेहऱ्यावर काही दिसू देऊ नका.”

ती जिना उतरली. खाली रस्त्याच्या कडेला दिराची गाडी उभी होती. तो दार उघडून वाट बघत होता.

“वहिनी, शिवणखोलीत गेलो होतो, तिथली शिंपीण म्हणाली तुम्ही इकडे. बाबा पडलेत. बसा लवकर.”

५

बसली नसती तर त्याला कळलं असतं. आणि बाबा खरंच पडले असतील तर? ती बसली.

गाडी बोगद्याच्या तोंडाशी आली. आत शिरल्यावर त्याने दिवे लावले. मध्यावर भिंतीला एक लांब ओरखडा होता. त्याच्यापाशी त्याने गाडी कडेला घेतली आणि किल्ली फिरवली. इंजिन थांबलं. मग त्याने दिवेही विझवले.

इतका अंधार तिने कधी पाहिला नव्हता. भिंतींतून पाणी ठिबकत होतं. दूर मागे कुठलं तरी जड वाहन आत शिरल्याचा घरघराट आला.

“बाबा कसे आहेत?” तिने विचारलं. आवाज आपला आहे असं तिला वाटलं नाही.

“बरे आहेत. त्या बाईकडे कशाला गेला होतात?”

“दिवे लावा, भाऊजी.”

“आधी सांगा.”

घरघराट वाढला. तिचा हात दाराच्या कडीवर होता, पण खाली उतरायचं म्हणजे कुठे, ते तिला माहीत होतं. नवराही इथेच उतरला होता.

“चार्जरचा दिवा हिरवा होता,” ती म्हणाली. “संध्याकाळीही आणि पहाटेही. मी पाहिला. दिवे लावा.”

तिला त्याचा श्वास ऐकू येत होता, धावून आलेल्या माणसासारखा.

“अंगणातच बंद पडायला हवी होती,” तो शेवटी म्हणाला. “तो किल्ली मारणार, स्टार्टर टक टक करणार, गाडी हलणार नाही. तो चिडणार, परीक्षेला उशीर होणार, संपलं. एवढंच. आयुष्यभर मी दुसरा आलो, वहिनी. शाळेत दुसरा, डेपोत दुसरा. एक जागा मला हवी होती. रिकाम्या बॅटरीवर गाडी सुरूच होत नाही. ती रस्त्यावर आली कशी, हे मला आजही कळत नाही.”

तिला कळत होतं. त्या अंधारात, मागून वाहन येत असताना, तिला सगळं स्वच्छ कळलं.

“त्यांनी स्टार्टर मारलाच नाही,” ती म्हणाली. “स्टार्टर बॅटरी खातो म्हणून नुकतंच हे नवीन खूळ काढलं होतं त्यांनी. गाडी उताराकडे तोंड करून लावायची, ढकलायची आणि गिअर टाकून सुरू करायची. बॅटरी जपायला. मी ढकलायचे. त्या पहाटेही मीच ढकलली. शेजारी जागे होतील म्हणून दिवे रस्त्यावर गेल्यावर लावायचे, म्हणून ते पिवळे पडलेत हे मला दिसलं नाही.”

शेजारून एक आवाज आला. रडणं नव्हतं ते. पोटात लाथ बसलेल्या माणसाचा आवाज होता.

मागचे दिवे आरशात आले, मोठे झाले. भोंगा सगळ्या बोगद्यात घुमला. ती त्याच्या अंगावरून वाकली, चाचपडत दिव्यांचं बटण शोधलं आणि ओढलं. ट्रक कर्कश आवाज करत बाजूने गेला. गाडी पाळण्यासारखी हलली.

“चालू करा,” ती म्हणाली. “घरी चला. आणि हे बाबांना तुम्ही सांगायचं. मी नाही.”

त्याने किल्ली फिरवली. इंजिन लागलं.

६

त्याने सांगितलं. दाराच्या चौकटीत उभा राहून, खाली बघून. म्हातारबुवा अंथरुणात उठून बसले होते. सगळं ऐकून झाल्यावर त्यांनी एकच विचारलं, “म्हणजे मी नव्हतो?”

“नाही, बाबा.”

“आणि तू मला बघत होतास. रोज. ताट परत जाताना.”

तो गेला आणि शेडमध्ये जाऊन बसला.

म्हातारबुवा तिला म्हणाले, “पोरी, माझ्याच नावावर राहू दे की हे. मी म्हातारा, विसराळू. मला कोण काय करणार? एक गेला. हा तरी राहू दे.”

ती याच्या तयारीत नव्हती. त्यांचे हात जोडलेले होते आणि ते तिला बघवत नव्हते.

“बाबा,” ती म्हणाली, “त्याला मारायचं नव्हतं, हे मी मानते. पण तुम्ही मरत होतात तेव्हा तो शेजारी बसून जेवत होता. मी या घरात निजायचं कसं? आज बोगद्यात त्याने दिवे विझवले. का विझवले ते त्यालाही माहीत नसेल. मला माहीत करून घ्यायचं नाही.”

त्या रात्री तिने खोलीच्या दाराला शिवणयंत्र लावून ठेवलं.

सकाळी फाटकाशी गाडी थांबली. सर्व्हेअरबाई उतरल्या, मागून पोलीस. ती उठेपर्यंत म्हातारबुवा भिंत धरत धरत अंगणात पोचले होते. फाटकाची कडी त्यांनीच काढली. शेडकडे वळून त्यांनी धाकट्याला हाक मारली. तो चार्जर घेऊन बाहेर आला. त्याने तो डेपोतल्या आपल्या लॉकरमध्ये ठेवला होता आणि पहाटे जाऊन आणला होता. पळून गेला नव्हता. सर्व्हेअरबाईंनी वायर हातात घेतली, फ्यूजची रिकामी जागा पाहिली आणि ती पोलिसांपुढे धरली.

“स्वेटर घे,” म्हातारबुवा मुलाला म्हणाले. “तिथे गार असतं म्हणतात.”

त्याला घेऊन गाडी वळणापलीकडे गेली तरी ते फाटक धरून उभे होते. तिने दंड धरून त्यांना पायरीवर बसवलं. मग तीही शेजारी बसली.

“पोरी,” बऱ्याच वेळाने ते म्हणाले, “मला भूक लागलीय. आणि त्याची मला लाज वाटतेय.”

ती उठली. चूल पेटवायला आत जाताना दारात थांबून म्हणाली, “लाज वाटू दे, बाबा. पण जेवा.”